पहिली मोटारसायकल आणि संशोधनाचे तीन प्रश्न

पीएचडीची तयारी करणारी मुलंमुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो : "मेथडॉलॉजी कुठली घेऊ?" विषय अजून धड ठरलेला नसतो, पण सर्व्हे करायचा की मुलाखती घ्यायच्या, ५० जणांचा नमुना घ्यायचा की २०० जणांचा, हे आधी ठरवायचं असतं. कुठला नट उघडायचा ते माहीत नसताना १० चा पाना घेऊ की १२ चा, असं विचारण्यासारखंच आहे हे.

पद्धत ठरवण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा असतो. मला जे माहीत नाही, ते आत्ता कुणाकडे आहे? एखाद्या माणसाला ते माहीत आहे पण तो सांगत नाहीये? की त्याला ते येतं, पण शब्दांत सांगताच येत नाही? की ते कुणालाच माहीत नाही आणि वस्तूलाच विचारावं लागणार आहे? या तिन्हींची पद्धत वेगवेगळी असते.

हे समजावायला मी पुस्तकातलं उदाहरण घेत नाही. आपल्या परंड्यातलं, सगळ्यांच्या घरातलं उदाहरण घेतो : पहिली मोटारसायकल. बाजाराला बार्शीला जायचं, कामाला धाराशिवला जायचं, फील्डवर्कसाठी वाडीवस्तीवर जायचं, तर एसटीच्या वेळांवर सगळं बसत नाही. फेलोशिप मिळेल तेव्हा मिळेल, त्यामुळे पहिली गाडी बहुतेक वेळा जुनीच असते. ती घ्यायची, चालवायला शिकायची आणि मग नीट करून उभी करायची. या तीन कामांत वर सांगितलेली तिन्ही प्रकारची अज्ञानं एकामागून एक भेटतात.

१. घेताना : समोरच्याला माहीत आहे, मला नाही

जुनी गाडी विकणाऱ्याला तिच्या पोटात काय दडलंय ते माहीत असतं. घेणाऱ्याला दिसतो तो नवा रंग, पुसलेली टाकी आणि "एका हातानं वापरलीय" हे वाक्य. यात विकणारा वाईटच असतो असं नाही. माहिती दोघांकडे सारखी नाही, एवढीच गोष्ट आहे.

या एवढ्याशा गोष्टीवर जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली एक शोधनिबंध लिहिला. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. त्याचा युक्तिवाद आपल्या भाषेत असा. समजा, बाजारात चांगली जुनी गाडी ४० हजारांच्या लायकीची आहे आणि खराब गाडी २० हजारांच्या. घेणाऱ्याला फरक ओळखता येत नाही, म्हणून तो मधला भाव धरतो, ३० हजार. आता चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्यात देण्यापेक्षा घरीच राहू दे. तो बाजारातून निघून जातो. उरतात त्यात खराब गाड्या जास्त, म्हणून भाव आणखी उतरतो, आणि उरलेले बरे मालकही मागे सरतात. कुणी कुणाला फसवायच्या आधीच बाजार बिघडतो.

संशोधनाला उतरणाऱ्यांनी या निबंधाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, तो छापून येण्याआधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. त्यातल्या काहींना हे फारच किरकोळ वाटलं. त्याच कामासाठी २००१ साली अकरलॉफला दोघांबरोबर नोबेल मिळालं. दुसरी, १९६७-६८ चं वर्ष तो भारतात, दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता, आणि त्या निबंधात भारतातल्या गावच्या सावकाराचं उदाहरण आहे. शहरातल्या बँकेपेक्षा गावातल्या सावकाराला कर्जदाराची खरी पत जास्त कळते, म्हणून त्याचा धंदा टिकतो, असा तो मुद्दा. म्हणजे आपल्याकडचं रोजचं व्यवहारज्ञान जगाच्या अर्थशास्त्रात जाऊन बसलंय. ते मांडायला मात्र बाहेरचा माणूस लागला, याचा थोडा विचार करा.

मग अशा वेळी पद्धत कुठली? विकणाऱ्याला "गाडी कशी आहे?" असं विचारून उपयोग नाही. उत्तर आधीच माहीत आहे. ज्याला माहिती लपवण्यात फायदा आहे, त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या हातात नसलेले पुरावे शोधायचे.

गाडी बघायला गेलात की इंजिनला हात लावा. ते गार असायला पाहिजे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पहिल्या किकला चालू होते, त्यातून काहीच कळत नाही. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. किलोमीटरचा काटा फिरवता येतो, पण फूटरेस्टचं रबर, किकचं टोक आणि ब्रेक पॅडलची झीज फिरवता येत नाही. काटा १५ हजार म्हणतोय आणि पॅडल गुळगुळीत झालंय, तर दोन पुरावे भांडताहेत. कुठल्याही संशोधनात असं भांडण सापडलं की तिथेच थांबून खणायचं असतं.

कागद हा सगळ्यात मोठा पुरावा. आपल्या जिल्ह्याची पाटी एमएच २५, पण बार्शी सोलापूर जिल्ह्यात असल्यामुळे तिकडची गाडी एमएच १३ ची असते, आणि परंड्याच्या रस्त्यावर दोन्ही सर्रास दिसतात. नाव बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर फॉर्म २५ भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. "कागद नंतर करू" या वाक्यावर गावात कितीतरी गाड्या फिरतात. पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक, गाडी त्यानं विकलेली असली तरी. म्हणजे हा कागद विकणाऱ्याच्याही गळ्याशी आहे. त्याला हे नीट समजावून सांगितलं तर सहीसाठी मागे लागावं लागत नाही.

आता हेच संशोधनाला लावा. जिथे समोरच्याला उत्तर माहीत आहे आणि ते वेगळं सांगण्यात त्याचा फायदा आहे, तिथे नुसती प्रश्नावली दुबळी ठरते. कर्ज किती, जमीन किती, मजुरी किती दिली, अशा प्रश्नांना कागद, झीज आणि तिसऱ्या माणसाचं म्हणणं जोडावं लागतं.

२. शिकताना : त्याला येतं, पण सांगता येत नाही

गाडी दारात आली. आता शिकवणार कोण? भाऊ, मामा, नाहीतर गल्लीतला एखादा दादा. सूचना ठरलेली : "क्लच हळू सोड, रेस हळू वाढव." हळू म्हणजे किती? ते त्याला सांगता येत नाही. तुमची गाडी आचका देऊन बंद पडते. पंधरा-वीस वेळा बंद पडल्यावर कधीतरी डाव्या हाताला क्लच धरायची ती जागा सापडते, आणि त्यानंतर ती तुम्हालाही कुणाला सांगता येत नाही.

मायकेल पोलान्यी हा मूळचा रसायनशास्त्रज्ञ. पुढे तो तत्त्वज्ञानाकडे वळला. १९५८ च्या त्याच्या पुस्तकात सायकलचं उदाहरण आहे. सायकल तोल कसा सांभाळते याचा नियम गणितात मांडता येतो : जेवढा तोल गेला त्यानुसार वळण घ्यावं लागतं, आणि वेग दुप्पट झाला तर त्याच झुकावाला वळणाचा बाक चौपटीनं कमी लागतो. पण हा नियम पाठ करून कुणी सायकल शिकत नाही, आणि सायकल येणाऱ्या बहुतेकांना हा नियम माहीतच नसतो. अशा ज्ञानाला त्यानं 'टॅसिट' म्हटलं. आपण त्याला अंगवळणी पडलेलं ज्ञान म्हणू. मराठीत हा शब्द किती नेमका आहे बघा : ज्ञान अंगाच्या वळणात बसलेलं.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर हा सायकलचा व्यवसाय करणारा. डावीकडे कसे वळता, असं त्यानं अनेक सायकलवाल्यांना विचारलं, आणि पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर एकालाही देता आलं नाही. सगळे म्हणत, हँडल डावीकडे वळवतो. खरं काय होतं? वेगात असताना डावीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर किंचित उजवीकडे जातं. त्यामुळे चाकं उजवीकडे सरकतात, गाडी डावीकडे झुकते, आणि मग वळण सुरू होतं. मोटारसायकललाही हेच लागू आहे. तुम्ही रोज हे करता आणि रोज याच्या उलट सांगता.

संशोधनाच्या दृष्टीनं ही फार महत्त्वाची सूचना आहे. इथे कुणी खोटं बोलत नाहीये. लपवण्यात कुणाचा फायदाही नाही. तरी मुलाखतीतून मिळालेलं उत्तर चुकीचं आहे. म्हणून जिथे विषय कौशल्याचा आहे, म्हणजे सुईणीचं काम, पेरणी, भाकरी थापणं, गाडी दुरुस्ती, तिथे "तुम्ही हे कसं करता?" एवढं विचारून भागत नाही. शेजारी बसून बघावं लागतं, जमलं तर स्वतः करावं लागतं, आणि सांगणं व करणं यातला फरक वहीत टिपावा लागतो. तो फरक हाच तुमचा डेटा.

शिकवणाऱ्याचं सगळंच बरोबर असतं असंही समजू नका. "पुढचा ब्रेक दाबू नको, पलटी होशील," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. भौतिकशास्त्र सांगतं की ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे कोरड्या, पक्क्या, सरळ रस्त्यावर थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. मग गावचा सल्ला चुकीचा का? पूर्ण नाही. मुरमाड रस्त्यावर, वाळूवर किंवा वळणात पुढचं चाक जाम झालं तर गाडी खरोखर हातातून जाते, आणि सल्ला देणाऱ्याचं आयुष्य अशाच रस्त्यांवर गेलंय. ज्ञान खरं आहे, पण कुठल्या परिस्थितीत खरं आहे ते त्याला चिकटून आलेलं नाही. संशोधनात आपण ज्याला 'निष्कर्षाची मर्यादा' म्हणतो, ती हीच. आता डांबरी रस्त्यावर वेगानं जाणाऱ्या मुलानं तोच सल्ला पाळला, तर त्या मर्यादेची किंमत जिवानं मोजावी लागू शकते.

आणि सरावाला उतरण्याआधी शिकाऊ लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं, आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. हेल्मेट पहिल्या दिवसापासून.

३. उभी करताना : कुणालाच माहीत नाही, गाडीलाच विचारायचं

तिसरा टप्पा मला सगळ्यात आवडतो. जुनी राजदूत १७५ घ्या. एस्कॉर्ट्स कंपनीनं पोलंडच्या एसएचएल एम ११ या गाडीवरून बनवलेली, १७३ सीसीची टू-स्ट्रोक. दूधवाल्यांची गाडी म्हणून तिची ओळख. आजही एखाद्या गोठ्यात पोत्यांखाली सापडते. किक मारली, चालू होत नाही. विकणाऱ्याला कारण माहीत नाही, मिस्त्रीलाही बघितल्याशिवाय सांगता येत नाही. इथे लपवणारा कुणी नाही. उत्तर फक्त गाडीकडे आहे, आणि ती प्रश्न नीट विचारला तरच बोलते.

इंजिन चालायला चार गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन आणि योग्य वेळ. चार-सहा किक मारून प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगीकडे वळा. कोरडा असेल तर टाकीच्या कॉकपासून कार्बोरेटरच्या जेटपर्यंतची वाट तपासा. एका प्लगनं अर्ध्या शक्यता बाजूला केल्या. चांगली चाचणी अशी असते : उत्तर काहीही आलं तरी तुम्ही पुढे सरकता. जी चाचणी कुठल्याही निकालाला "बघा, मी म्हटलंच होतं" म्हणू देते, ती चाचणीच नव्हे.

गाडी चालू झाली, पण पांढरा धूर फार सोडतेय. आता तीन शक्यता. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलंय. सायलेन्सरमध्ये जुना ऑइल-कार्बन साचलाय. किंवा क्रँकचं क्लचकडचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतंय. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमधून जातं, म्हणून हे होऊ शकतं. बाहेरून तिन्हींचा धूर सारखाच दिसतो. फरक परिणामांत आहे. पहिलं कारण असेल तर मोजून बनवलेलं ताजं मिश्रण भरल्यावर धूर कमी होईल. दुसरं असेल तर सायलेन्सर साफ केल्यावर जाईल. तिसरं असेल तर गिअरबॉक्समधलं ऑइल आठवड्यागणिक कमी होत जाईल, आणि पहिल्या दोन उपायांनी काही फरक पडणार नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि लिहून ठेवायचं. तिन्ही एकदम केलंत तर गाडी कदाचित सुधारेल, पण का सुधारली ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या गाडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

इथे एक इशारा. सर्वमान्य कारण म्हणजे सिद्ध झालेलं कारण नव्हे. दुचाकी ठरावीक वेगात आपोआप तोल धरते, ते चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळे आणि पुढच्या चाकाच्या विशिष्ट मांडणीमुळे, असं शंभरेक वर्षं सांगितलं जायचं. २०११ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी ही दोन्ही कारणं काढून टाकलेली एक छोटी दुचाकी बनवली. ती तरीही स्वतः तोल धरत होती. ही कारणं तोलाला मदत करतात, पण त्यांच्यावाचून तोल राहणारच नाही असं नाही. मिस्त्री "धूर म्हणजे पिस्टनच गेलं" म्हणाला आणि बोअर करायला सांगितलं, तर खर्चाआधी हे आठवा.

मग शेवटचा प्रश्न : नीट करायची म्हणजे कुठवर? याचं सगळ्यात चांगलं उदाहरण परंड्याच्या किल्ल्याशी जोडलेलं आहे. मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यावर होती, आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. तिच्यावर ओतणाऱ्याचा लेख आहे, आणि विजापूर जिंकल्यानंतर औरंगजेबानं कोरवलेला लेखही आहे. आता कुणी म्हणालं, तोफ "मूळ रूपात" आणू, १५४९ नंतरचं सगळं घासून काढू, तर? तोफ चकचकीत होईल आणि इतिहास पुसला जाईल. नंतरच्या खुणा हाही पुरावाच असतो.

दूधवाल्याच्या राजदूतला कॅन अडकवायला वेल्डिंग केलेले हूक असतात. ते कापून फॅक्टरीसारखी करायची की ठेवायचे? ऐतिहासिक गाड्यांसाठी २०१२ साली स्वीकारलेली तुरिन सनद जतन आणि पुनर्बांधणी यात फरक करते आणि जतनाकडे झुकते. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी मिळायला गाडी ५० वर्षांहून जुनी असावी लागते आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. रोज चालवायची गाडी असेल तर ब्रेक, टायर, वायरिंग नवंच टाका, तिथे हळवेपणा नको. पण जे काढाल त्याचा फोटो काढा, पिशवीत घालून नाव लिहा. मुलाखतीचं शब्दांकन करताना माणसाची बोली "शुद्ध" करणारे विद्यार्थी नेमके ते हूकच कापत असतात.

हे आत्ताच का

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटारसायकलींवर कार्बोरेटर जवळपास संपला. त्या जागी फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले, बिघाड शोधायला स्कॅनर लागू लागला. कानानं टायमिंग ओळखणारे, प्लगच्या रंगावरून जेट बदलणारे मिस्त्री आता वयस्कर झालेत, आणि हे काम शिकायला पोरं येत नाहीत. त्यांचं ज्ञान वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारातलं आहे : अंगवळणी पडलेलं, कुठेही न लिहिलेलं. ते टिपायला त्या गॅरेजसमोर दोन तास बसू शकणारा, त्यांची भाषा येणारा माणूस लागतो. तो पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा परंडा, भूम, करमाळ्याच्या विद्यार्थ्याला जास्त जमेल. "आमच्या गावात संशोधनासारखं काय आहे?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे.

करायचं असेल तर या आठवड्यात एवढं करा. तुमच्या विषयाचं एक पान घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा : "माहीत आहे पण सांगणार नाहीत", "येतं पण सांगता येत नाही", "कुणालाच माहीत नाही". तुमचे सगळे प्रश्न या तीन रकान्यांत वाटा. पहिल्या रकान्यासमोर कागद आणि खुणा लिहा, दुसऱ्यासमोर शेजारी बसणं, तिसऱ्यासमोर चाचणी. कुणाच्या गॅरेजात बसणार असाल तर आधी त्यांची परवानगी घ्या, काय लिहिणार ते सांगा, आणि नाव छापायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. एवढं झालं की मेथडॉलॉजीचं प्रकरण अर्धं लिहून झालेलं असेल. उरलेल्या अर्ध्यासाठी गाइडकडे जा, पण पान सोबत न्या.